करवतीचा खड्डा आणि आरागिरणी

अमरकोशांत करवतीस ‘क्रकच’ व ‘करपत्र’ हीं नांवें दिलीं असून, त्यांना लागूनच येणारी ‘आरा’ ही चामडें टोंचण्याची आरी आहे. ‘आरागिरणी’ शब्दांतील आरा मात्र फारसी ‘अर्रा’ म्हणजे करवत, यास अधिक जवळचा दिसतो. या हत्यारावर जगणाऱ्या लहान धंद्याची अडचण नवी नसून तिचें मूळ जुन्या कागदांत सांपडतें, असें आमचें मत झालें आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत आरमाराच्या प्रकरणीं लांकडाचा विचार आला आहे. रयतेच्या आंब्याफणसांस बळानें हात लावूं नये; झाड जीर्ण झालें असल्यास धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावें, असा त्याचा आशय. येथें राज्याची नजर झाडावर व त्याच्या धन्यावर आहे.

१९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या ४१ व्या कलमांत ही नजर करवतीवर आलेली दिसते. ठराविक हद्दींत करवतीचे खड्डे घालण्यास मनाई करण्याचा अधिकार त्यानें सरकारास दिला. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकून एक करवत्या वर व एक खालीं उभा राहून तो चिरीत. उभ्या झाडाचा धनी ओळखतां येतो. फळ्या झाल्यावर लांकूड कोणत्या रानांतलें हें सांगणें कठीण. म्हणून पहारा करवतीवर बसला.

पुढें खड्ड्याची जागा यंत्रानें घेतली, तरी पहारा राहिला. गोदावर्मन् खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १२ डिसेंबर १९९६ रोजीं वनांतील विनापरवानगी आरागिरण्या थांबविल्या. २००२ मध्यें नव्या गिरणीस केंद्रीय अधिकारप्राप्त समितीची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. २०१६ च्या मार्गदर्शक नियमांनीं तें काम राज्यस्तरीय समित्यांकडे आलें.

वनांची लूट पाहतां निर्बंध अवश्य होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्याचें ओझें सर्वांवर सारखें पडत नाहीं. मोठ्या वखारवाल्यास कारकून ठेवतां येतो, बंदरावरून परदेशी ओंडके आणवतां येतात. एका पट्टीकरवतीच्या गिरणीस बांधावरचा आंबा, बाभूळ, फणस हाच आधार, आणि चिराईची मजुरी हेंच उत्पन्न. परवान्याचें नूतनीकरण, वाहतुकीचा पास व आवकजावकीच्या वह्या तिलाही चुकत नाहींत. जुन्या जाड गोल करवतीनें चांगल्या लांकडाचा बराच अंश भुसा होतो. पातळ पट्टीचें यंत्र घ्यावें तर भांडवल नाहीं. त्यांत गिऱ्हाईक प्लायवुड व लोखंडी सामानाकडे वळलेलें.

अशी गिरणी बंद पडली म्हणजे तिच्या वह्या रद्दींत जातात. कोणत्या गांवचें, कोणत्या जातीचें झाड केव्हां चिरलें, हें ज्यांत उतरलें तें दप्तरच होय. जीर्ण रुमालांसाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या आमच्या संग्राहक मित्रांनीं वाटेंतील आरागिरणीच्या फळीवरही एकदां दृष्टि टाकावी, एवढीच विनंती.