सात घाटांचे गाव आणि मसूरचे स्टेशन

दरवर्षी जून महिना उजाडला की आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेर दाखले न्यायला आलेल्या मुलामुलींची रांग लागते. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आम्ही तिघे मराठी शिकवतो. या रांगेशी आमचे नाते जरा अवघड आहे. तिच्यातले कितीतरी चेहरे आमच्याच वर्गातले असतात आणि ते पुण्या-मुंबईस गेले की आमच्या पदव्युत्तर वर्गातील बाके रिकामी पडतात. गेल्या वर्षी बी.ए.ला मराठीत पहिली आलेली एक विद्यार्थिनी अशीच दाखला मागायला आली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. "सर, पोरीला तुम्हीच समजवा. इथं काय कमी आहे?" असे त्यांचे म्हणणे. मुलगी तोवर गप्प होती. मग खाली पाहतच म्हणाली, "इथं मला सगळे ओळखतात सर. म्हणूनच जायचंय."

त्या वेळी आम्हांपैकी कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. लहान गावाचे गुणदोष हा शालेय निबंधाचा विषय. त्याची ठरावीक उत्तरेही आपल्याला पाठ असतात. मोकळी हवा, स्वस्ताई, शेजारधर्म एका बाजूला; रोजगार, इस्पितळे, संधी यांचा तुटवडा दुसऱ्या बाजूला. पण या मुलीचे वाक्य त्या दोन्ही रकान्यांत बसत नव्हते. म्हणून आम्ही जवळचेच एक गाव इतिहासाच्या अंगाने पाहायचे ठरवले. ते गाव म्हणजे वाई.

वाई हे खेडे नव्हे आणि शहरही नव्हे. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ३६ हजारांच्या आसपास होती. जुन्या भाषेत अशा गावाला कसबा म्हणत. परगण्याचे मुख्य ठिकाण, आठवड्याचा बाजार, वसुलाची कचेरी आणि आजूबाजूच्या खेड्यांची सारी ये-जा जिथे येऊन थांबते तो कसबा. आदिलशाहीत वाईची सुभेदारी अफझलखानाकडे होती आणि १६५९ साली प्रतापगडाकडे जाण्यापूर्वी त्याचा तळ येथेच पडला होता. पेशवाईत रास्त्यांच्या घराण्याने गावाला आजचे रूप दिले. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई ही याच घराण्यातील. कृष्णेच्या पात्रालगतचे ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट. सत्ता पुण्याची होती, पण तिचा पैसा आणि तिची धर्मश्रद्धा अशा कसब्यांतून दगडात उतरली.

गावाची रचनाही ध्यानात घेण्याजोगी आहे. नदीकाठी सात घाट: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा उत्सव वेगळा, त्याची व्यवस्था वेगळी. नदी एकच, पण तिच्यापर्यंत जाणारा माणूस आपापल्या आळीतून जातो. 'कुठल्या आळीतला?' या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून येथे कोणाची ओळख पुरी होत नसे. नाव, आडनाव, आळी आणि जात या चार गोष्टी कळल्या की माणूस कळला, असा लहान गावाचा हिशोब असतो.

१८१८ साली पेशवाई बुडाली, १८४८ साली साताऱ्याचे राज्यही खालसा झाले आणि वाईचा राजाश्रय आटला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याहून मिरजेकडे रेल्वे निघाली ती वाठारवरून. वाईला आगगाडी आलीच नाही. ज्याला त्या काळी प्रगती म्हणत, ती या गावाला बगल देऊन गेली. आमचा तर्क असा की, याच उपेक्षेतून वाईला तिची पुढची ओळख मिळाली. घाट होते, वाडे होते, जुन्या शास्त्रविद्येची सवय होती, खर्च बेताचा होता आणि गडबड नव्हती. वर्षानुवर्षे एका जागी बसून करण्याच्या कामाला याहून अधिक काय लागते?

असे काम करणारा माणूसही आला. कोकणातून शिक्षणासाठी आलेले नारायणशास्त्री मराठे (१८७७–१९५५) वाईत प्रज्ञानंदस्वामींपाशी शिकले आणि गुरूच्या नावाने त्यांनी प्राज्ञपाठशाळा उभी केली. संन्यासानंतर ते केवलानंद सरस्वती झाले. या पाठशाळेत जुन्या शास्त्रांचे अध्ययन चाले, पण खिडक्या मिटून नव्हे. गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन विनोबा १९१७ च्या सुमारास येथे वेदान्त शिकायला राहिले आणि वर्ष भरताच परतले. खानदेशातील पिंपळनेरहून किशोरवयात आलेला एक विद्यार्थी मात्र येथलाच झाला. तो म्हणजे लक्ष्मणशास्त्री जोशी. धर्मकोशाचा पहिला खंड १९३७ साली निघाला आणि ते काम पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले. १९४७ साली सुरू झालेले 'नवभारत' मासिकही पुढे याच संस्थेकडून निघू लागले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर मराठी विश्वकोशाचे संपादन लक्ष्मणशास्त्र्यांकडे आले, तेव्हा त्याचे कार्यालयही मुंबई-पुण्यास न थाटता वाईत थाटले गेले. सर्व विद्यांचा संग्रह एका तालुक्याच्या गावात तयार व्हावा, ही घटना आम्हांला आजही विलक्षण वाटते. पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि विसावा २०१५ साली.

या हकिकतीवरून लहान गावाचा जयजयकार करण्याचा मोह होतो. पण लक्ष्मणशास्त्र्यांचे चरित्र नीट पाहिले तर तो आवरावा लागतो. 'तर्कतीर्थ' ही पदवी त्यांना १९२३ साली कलकत्त्याहून मिळवावी लागली. अस्पृश्यतानिवारणासाठी शास्त्राधार शोधण्याच्या कामी ते येरवड्याला गांधीजींपाशी गेले. १९३३ साली गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरवर्णीय विवाह त्यांच्या पौरोहित्याखाली झाला तो पुण्यात. पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराकडे वळले. १९५४ साली साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले ते दिल्लीत. म्हणजे वाईने त्यांना बैठक दिली, पण त्या बैठकीत वारे खेळले ते बाहेरचे. ज्याला गावातून निघता येते आणि परत येता येते, त्यालाच गाव मानवते. ज्याला एकदाही निघता येत नाही त्याच्यासाठी त्याच गावाच्या भिंती होतात.

येथे एक शब्द आठवतो: ग्रामण्य. धर्मबाह्य वर्तनाबद्दल वाद उभा करून माणसाला वाळीत टाकण्याचा जो प्रकार, त्याला आपल्या पूर्वजांनी गावावरूनच नाव दिले. अर्थात ग्रामण्ये शहरांतही होत. १८९० च्या पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणाने पुणे ढवळून निघाले आणि रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. तरी शहरात वाळीत पडलेल्याला दुसरी पेठ असते, दुसरा न्हावी असतो, दुसरे वाण्याचे दुकान असते. लहान गावात यातले प्रत्येकी एक असते आणि ते सगळे एकमेकांशी बोलत असतात.

ज्याच्या वाट्याला जन्मतःच हे ग्रामण्य आले त्याची हकिकत याच जिल्ह्यातली आहे. १९०१ साली साताऱ्यात राहणारा भीमराव आंबेडकर हा मुलगा घरातल्या इतर मुलांसह वडिलांना भेटायला निघाला. वडील जिल्ह्यातच खटाव तालुक्यात रोखपालाच्या नोकरीवर होते. मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनला उतरली. निरोप वेळेत न पोचल्याने घ्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी आधी आस्थेने चौकशी केली. मुले महार आहेत असे कळताच ते पाच पावले मागे सरले. एकही गाडीवान बैलगाडी द्यायला राजी होईना. अखेर दुप्पट भाड्यावर सौदा ठरला आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. बरोबर अन्न होते. पण वाटेत प्यायला पाणी मिळेना, म्हणून मुले उपाशी राहिली. साताऱ्यात न्हावी केस कापत नसे, म्हणून घरी मोठी बहीण कापी, हेही बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत नोंदवले आहे. हे कुटुंब पुढे मुंबईस गेले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांवर त्यांनी जी कठोर टीका केली, तिच्यामागे काय होते हे मसूरचा प्रसंग वाचलेल्याला निराळे सांगावे लागत नाही.

वाईची पाठशाळा आणि मसूरचे स्टेशन एकाच जिल्ह्यातले, जवळजवळ एकाच काळातले. एकाला या परिसराने निवांतपणा दिला, दुसऱ्याला पाणी दिले नाही. आणि दोन्हींचे मूळ एकच आहे. लहान गावात माणूस 'कोणाचा' आहे हे ठाऊक असल्यावाचून त्याच्याशी व्यवहार होत नाही. ओळख अनुकूल असेल तर उधारीवर किराणा मिळतो, आजारपणात शेजारी रात्र जागवतात, गुरूच्या घरी जेवणासह विद्या मिळते. तीच ओळख प्रतिकूल असेल तर घोटभर पाणी मिळत नाही. म्हणून गुणांचा एक रकाना आणि दोषांचा दुसरा, अशी मांडणी आम्हांला आता पटत नाही. ज्या डोळ्यांनी गाव काळजी घेते त्याच डोळ्यांनी ते पहारा करते. मोठ्या शहरात हे दोन्ही कमी होते. तेथे एकटेपणाचे दुःख आहे, पण अनोळखी असण्याचे स्वातंत्र्यही आहे.

आता काळ बदलला आहे हे खरे. विश्वकोशाचे खंड महाजालावर कुठेही वाचता येतात. ज्ञानासाठी वाईला यावे लागत नाही आणि वाई सोडावीही लागत नाही. मेणवलीच्या घाटावर २००४ च्या 'स्वदेस'चे चित्रीकरण झाले. परदेशातून खेड्यात परतणाऱ्या शास्त्रज्ञाची ती कथा शहरांतल्या प्रेक्षकांनी डोळे पुसत पाहिली. शहराला असे गाव चित्रपटात हवे असते, आठवड्याच्या सुट्टीला हवे असते. बारा महिने तेथे राहणाऱ्या मुलीला एस.टी. स्टँडवर कोणाशी दोन शब्द बोलताना कितीजणांनी पाहिले याचा हिशोब मात्र चित्रात येत नाही.

त्या विद्यार्थिनीचे काय झाले, असे वाचक विचारतील. तिच्या वडिलांना आम्ही पुन्हा बोलावून घेतले. तिघांच्या मनात स्वार्थ होताच. ती राहिली असती तर आमच्या वर्गाला एक चांगली विद्यार्थिनी मिळाली असती. तरीही आम्ही म्हणालो, "तिला जाऊ द्या. कलकत्त्याला गेल्यावाचून तर्कतीर्थ झाले नसते." वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण ते परत आले ना, सर?"

हो, परत आले. पण त्यांना परतण्याजोगे काहीतरी वाईत होते: पाठशाळा होती, काम होते, मतभेद झाले तरी आपले म्हणणारी माणसे होती. आमच्या गावात या मुलीने परतावे असे आम्ही काय उभे केले आहे? चार कपाटांचे ग्रंथालय, वर्षातून दोन व्याख्याने आणि तिच्या येण्याजाण्याकडे लागलेले सारे डोळे. ती पुण्याला गेली. दिवाळीत भेटायला आली तेव्हा मोकळेपणाने बोलत होती. विभागात बसून तिने आमच्याशी तासभर वाद घातला, जे तीन वर्षांत कधी केले नव्हते. तिने परत यावे असे आम्हांला वाटते. मात्र त्याआधी तिला काय देता येईल याचा विचार आम्हांलाच केला पाहिजे, आणि पुढच्या जूनमध्ये रांग लागण्यापूर्वी केला पाहिजे.