तान्हुल्याचा कान

श्रोतेहो, गावच्या शाळेत पहिलीत असताना मी "पानी" म्हणालो आणि मास्तरांसकट सारा वर्ग हसला. आमच्या घरी 'ण' कोणी उच्चारीतच नसे. त्या हसण्याचे उत्तर मला फार उशिरा, इतिहास चाळताना सापडले.

मूल भाषा घेऊनच जन्माला येते, की ऐकून शिकते? हा प्रश्न राजेरजवाड्यांनाही पडला होता. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, की इजिप्तच्या सामेटिकस राजाने दोन तान्ही मुले मेंढपाळाच्या हवाली केली आणि त्यांच्यासमोर कोणी अवाक्षर काढू नये, अशी ताकीद दिली. दोन वर्षांनी मुले 'बेकोस' म्हणाली. फ्रिजियन भाषेत त्याचा अर्थ भाकरी. झाले! राजाने तीच भाषा सर्वांत जुनी ठरवली.

ही झाली ऐकीव गोष्ट. अकबर बादशहाचा प्रयोग मात्र त्याच्याच दरबारातल्या अबुल फझलने नोंदून ठेवला आहे. वस्तीपासून दूर एका वाड्यात काही तान्ही मुले ठेवली. सांभाळायला दाया होत्या, पण त्यांना बोलायची बंदी. १५८२ साली बादशहा तेथे गेला, तेव्हा मुक्यांच्या आवाजापलीकडे काही ऐकू आले नाही. त्या वाड्याला 'गुंग महाल' हे नाव पडले. प्रश्न बादशहाचा, किंमत मोजली लेकरांनी.

बाळाला न छळता विचारण्याची युक्ती १९७१ साली पुढे आली. अमेरिकेत पीटर आयमास व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आणि चार महिन्यांच्या बाळांच्या तोंडी चोखणी दिली. तोच तो 'बा' ऐकून कंटाळलेले बाळ मंद चोखी; 'पा' कानी पडताच पुन्हा जोर धरी. म्हणजे फरक कळला होता! पुढे १९८० साली दिसून आले, की नुकते जन्मलेले बाळही परक्या बाईपेक्षा आईचा आवाज ऐकायला अधिक झटते.

सर्वांत नवल आपल्या 'त' आणि 'ट'चे. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हिंदीतले हे वर्ण कॅनडातल्या इंग्रजी घरांतील बाळांना ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना कळला. हिंदी घरांतील त्याच वयाची बाळे मात्र तो बरोबर ओळखीत. पाहा, वर्षाच्या आतच कान घरच्या बोलीला लागतो.

म्हणून गुरुजी, "पानी" म्हणणारे पोर मठ्ठ नाही. त्याचा कान घरी नीट शिकला आहे. तो कान कायमचा मिटलेलाही नसतो. हसू नका; 'न' आणि 'ण' जोडीने पुन्हा पुन्हा ऐकवा.

आणि मायबहिणींनो, पाळण्यातल्या बाळाशी खुशाल बोला. "त्याला काय कळतंय?" असं कोणी म्हणालं, तर गुंग महालाची गोष्ट सांगा. मोठ्या आवाजालाही बाळ दचकत नसेल, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडून कान तपासून घ्या. ऐकू न येणारे मूलही हातांच्या खुणांची भाषा डोळ्यांनी शिकते. पण तीही त्याच्याशी कोणीतरी बोलावी लागते.