वेताळ (चित्रकथामाला)

इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी वाचकांस परिचित झालेली मुखवटाधारी नायकाची चित्रकथामाला. मूळ इंग्रजी नाव ‘फँटम’. ली फॉक यांनी १९३६ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांसाठी ती निर्माण केली. वेताळपद पित्याकडून पुत्राकडे जात असल्याने नायक अमर भासतो. मालाही चित्रकार बदलत टिकली. रे मूर यांच्या गडद छायांकित शैलीनंतर दुसऱ्या महायुद्धकाळात विल्सन मकॉय यांची साधी, ठळक रेषा आली. १९६१ मध्ये मकॉय वारले. त्यानंतर साय बॅरी यांनी वास्तवदर्शी चित्रण रूढ केले. मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ प्रकाशनाने १९६४ मध्ये सुरू केलेल्या इंद्रजालची अनेक मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी रंगविली. आबिद सुरतींचा भारतीय नायक ‘बहादूर’ (१९७६) त्यांनीच रेखाटला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले.