जू, धुरा आणि तिसरे चाक : सातारा-सांगलीकडील बैलगाडीच्या पुढच्या अंगाचा इतिहास

बैलगाडीचा इतिहास आजवर बहुधा चाकाचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. भरीव चाक जाऊन आऱ्यांचे चाक आले, लोखंडी धावेच्या जागी रबरी टायर आला, आणि या प्रत्येक पालटाबरोबर गाडीत अधिक माल मावू लागला, असा त्या इतिहासाचा सामान्य क्रम आहे. तथापि आखापासून जुवापर्यंतचा जो गाडीचा पुढचा भाग, त्याचा विचार या क्रमात क्वचितच आढळतो. दुचाकी गाडीला जमिनीवरचे आधार दोनच असतात. तिसरा आधार बैलाच्या मानेचा. पहिले दोन आधार शतकभरात पार पालटले असता तिसरा मात्र जसाच्या तसा का राहिला, हा प्रश्न सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो.

प्रथम भाषेची साक्ष पाहू. जुवाचे मूळ संस्कृत ‘युग’ या शब्दात आहे, आणि लॅटिनमधील ‘युगुम्’ हा त्याचाच सगोत्र होय. बैल जुंपण्याचे ‘जोते’ हे ‘योक्त्र’पासून आले. ‘धुर्’ या शब्दापासून निघालेला ‘धुरा’ मराठीत इतका रुजला आहे की, धुरीण, धुरंधर, धुरकरी अशी त्याची संततीच नांदते आहे. याउलट गाडीच्या मागच्या अंगाकडे वळताच टायर, ट्यूब, बेअरिंग, डनलॉप हे शब्द भेटतात. शब्द वस्तूबरोबर येतो, हा सामान्य अनुभव ध्यानात घेतल्यास निष्कर्ष उघड आहे. मागच्या अंगात नव्या वस्तू आल्या. पुढच्या अंगात काही नवे आलेच नाही.

ही उपेक्षा अज्ञानातून झाली असेही म्हणता येत नाही. ओझे पुढच्या बाजूस अधिक पडलेल्या गाडीला मराठीत ‘धुरजड’ म्हणतात, आणि मागे अधिक पडून जू वर उचलले जाऊ लागले की गाडी ‘उलाळ’ झाली असे म्हणतात. भाराच्या तोलाचे दोन्ही दोष ज्यांनी नेमक्या शब्दांत बांधून ठेवले, त्यांना मानेवरील भाराची जाण नव्हती, हे संभवत नाही. या शब्दांमागील गणित एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. गाडी व माल मिळून वजन 1500 किलो, त्याचा गुरुत्वमध्य आखाच्या 15 सेंटिमीटर पुढे आणि जू आखापासून 3 मीटरवर आहे असे धरले, तर सपाटीवर दोन्ही मानांवर मिळून 75 किलो भार येतो. हाच गुरुत्वमध्य आखाच्या एक मीटर वर असेल, तर दहास एक अशा उतारावर तो आणखी 10 सेंटिमीटर पुढे सरकल्यासारखा होतो आणि मानेवरचा भार सुमारे 125 किलो होतो. तितक्याच चढावर तो 25 किलोवर येतो. पाचास एक असा चढ लागला तर गाडी उलाळ होऊन जोते बैलाच्या गळ्याशी ताणले जाते. अर्थात माल जितका उंच रचावा, तितका हा पालट तीव्र होतो.

सह्याद्रीच्या घाटांतील वाहतूक पूर्वी मुख्यतः वंजाऱ्यांच्या लमाण बैलांच्या पाठीवरून होत असे. देशावरच्या गाड्या अवजड, भरीव चाकांच्या आणि मोजक्याच होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात लेफ्टनंट गेसफर्ड यांच्या देखरेखीखाली सोलापूरकडील टेंभुर्णी येथे हलक्या व सुधारलेल्या गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे सडका झाल्या आणि एका बैलजोडीने ओढावयाची गाडी सर्वत्र पसरली. गाडी हलकी करण्याचा हा आरंभीचा मोठा प्रयत्न होय. पण तोही चाक आणि साटा यांपुरताच राहिला.

विसाव्या शतकात या दोन जिल्ह्यांत यंत्रोद्योग उभा राहिला, तोही बैलाच्या ओढीच्या आधाराने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातील कुंडल रोडजवळ कारखाना उभारला. लोखंडी नांगराने तो नावारूपास आला आणि ते स्थान किर्लोस्करवाडी म्हणून प्रसिद्ध पावले. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानेही नांगर केले. बैल जे ओढतो ते अवजार अशा रीतीने पालटले. ज्याने ओढतो ते जू मात्र गावच्या सुताराकडेच राहिले.

1950 नंतर सहकारी साखर कारखानदारी पसरली. सांगली, कराड तालुक्यातील रेठरे बुद्रुक, वाळवा तालुक्यातील साखराळे ही तिची या भागातील ठळक स्थाने होत. रबरी टायरच्या गाडीला ओढ कमी लागते. परंतु वाचलेली ओढ बैलाच्या वाट्याला आली नाही, तिच्या जागी उसाच्या आणखी मोळ्या आल्या. मोळ्या उंच रचल्या जातात, आणि वर सांगितलेल्या गणिताप्रमाणे त्याचा परिणाम थेट मानेवर होतो. येथे मालकीची व्यवस्था निर्णायक ठरली. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘टायरगाडी’ बहुधा कारखान्याकडून भाड्याने मिळते. बैल मजुराचे असतात. ते घेण्यासाठी मजुराने बहुधा उचल घेतलेली असते. गाडीच्या सुधारणेचा लाभ टनांत मोजला जातो व तो कारखान्याच्या वजनकाट्यावर दिसतो. मानेच्या जखमेची हानी मात्र बैलाच्या मालकाला सोसावी लागते. सुधारणेचा लाभ एकाला व हानी दुसऱ्याला, अशी वाटणी असता पुढच्या अंगाकडे लक्ष जाण्याचे कारणच उरत नाही.

कायद्याने या विषयाची दखल घेतली आहे. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाने जखम किंवा व्रण असलेल्या, कामास अपात्र जनावराला कामास लावणे दंडनीय ठरविले. 1965 च्या नियमांनी जनावराचा आकार व चाकांचा प्रकार पाहून ओझ्याची मर्यादा घातली. मात्र ही मर्यादा एकूण ओझ्याची आहे. ते ओझे आख आणि मान यांत कसे विभागले जाते, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी पशुशक्तीचा प्रश्न देशापुढे मांडला, तेव्हा गाडीबरोबर जूही सुधारावे असा त्यांचा आग्रह होता.

युरोपात जुंपणीच्या साधनांना इतिहासाचा विषय म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती लफेव्र दे नोएत यांच्या 1931 च्या ग्रंथामुळे. प्राचीन जुंपणीने घोड्याचा गळा आवळला जाई, हा त्यांचा सिद्धान्त पुढे प्रयोगांती बराच खंडित झाला. परंतु समाजाची वाहतूकशक्ती जनावराच्या गळ्याशी ठरते, ही दृष्टी टिकली. घोड्यासाठी गळपट्टा निघाला. आपल्याकडील बैलाला वशिंड असल्यामुळे त्याच्या पुढे आडवे लाकूड सहज टेकते, आणि या नैसर्गिक सोयीनेच बहुधा नव्या शोधाची निकड लपविली.

या पार्श्वभूमीवर 2022 सालचा एक प्रयत्न उल्लेखनीय ठरतो. वाळवा तालुक्यातील राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी ‘सारथी’ या नावाने बैलगाडीला पुढे तिसरे चाक जोडले. दोन बैलांच्या मधोमध हे चाक येते व त्याची उंची कमी-अधिक करता येते. योजना साधी दिसते. तिच्यातील अडचणी मात्र सूक्ष्म आहेत. दोन बैलांमधील जागा अरुंद, म्हणून आधारही अरुंद हवा. नाहीतर तो पायांत येईल. तो जड झाला तर मानेचे वाचविलेले श्रम ओढीत खर्च होतील. बैलजोड्यांची उंची सारखी नसते, म्हणून उंची बदलण्याची सोय हवी. चाक खड्ड्यात गेले की भार पुन्हा मानेवर येतो, दगडावर चढले की जू उसळते. त्यामुळे लवचीकपणाचा प्रश्न उरतोच. मऊ रानात अरुंद चाक रुतते, हा आणखी एक पेच. सडकेवरील उसाच्या वाहतुकीत या आधाराचा गुण अधिक दिसावा, हे यावरून ओघानेच आले.

उभ्या गाडीच्या धुरेखाली टेकण लावण्याची रीत जुनी आहे. गाडी थांबली की बैलाची मान मोकळी करावी, हे गाडीवानाला कधी शिकवावे लागले नाही. तिसरे चाक म्हणजे तेच टेकण चालते केलेले. म्हणजेच कल्पनेची सामग्री पिढ्यान्‌पिढ्या गाडीपाशीच होती. उणीव होती ती मानेवरचा भार हिशोबात धरण्याची. तो हिशोब ऊस शिकणाऱ्या प्रदेशाने नव्हे, तर ऊस वाहणाऱ्या प्रदेशाने मांडावा, हे स्वाभाविकच होय. मात्र तिसऱ्या चाकाची किंमत बैलाच्या मालकाने द्यावयाची की गाडीच्या मालकाने, हे ठरल्यावाचून त्याचा प्रसार होणे कठीण आहे. आणि टायरचा अनुभव लक्षात घेता, मानेवरून उतरलेला भार साट्यात पुन्हा मोळ्यांच्या रूपाने चढणार नाही, याचीही तजवीज त्याच वेळी करणे अगत्याचे आहे.