एका माफीची किंमत: जेराल्ड फोर्ड आणि सप्टेंबर १९७४

१/ ८ सप्टेंबर १९७४, रविवार. सकाळची प्रार्थना आटोपून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड व्हाइट हाउसमध्ये परतले आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर बसले. काही मिनिटांतच त्यांनी आधीचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना संपूर्ण माफी जाहीर केली. फोर्ड यांना पदावर येऊन जेमतेम महिना झाला होता.

२/ हे पद त्यांच्याकडे आले तेही विलक्षण रीतीने. लाचखोरीच्या चौकशीत सापडलेले उपाध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांनी ऑक्टोबर १९७३ मध्ये राजीनामा दिला. घटनेच्या २५ व्या दुरुस्तीनुसार निक्सन यांनी फोर्ड यांचे नाव सुचवले, काँग्रेसने ते मंजूर केले. वॉटरगेट प्रकरणामुळे ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन पायउतार झाले. दोन्ही पदांपैकी एकाही पदासाठी निवडून न येता राष्ट्राध्यक्ष झालेले फोर्ड हे एकमेव.

३/ माफीची व्याप्ती मोठी होती. २० जानेवारी १९६९ ते ९ ऑगस्ट १९७४ या काळात निक्सन यांनी केलेले किंवा त्यांच्या हातून घडले असतील असे, संघराज्याच्या कायद्याखालील सर्व गुन्हे तीत आले. तोवर त्यांच्यावर आरोपपत्रही दाखल झाले नव्हते.

४/ फोर्ड यांचा युक्तिवाद सरळ होता. खटला दीर्घकाळ चालेल, देश दुभंगेल आणि महागाईसारखे प्रश्न मागे पडतील. जनतेला मात्र वेगळेच दिसले: कायद्यापुढे सारे समान, पण राष्ट्राध्यक्ष वगळून.

५/ फोर्ड यांचे माध्यम सचिव जेराल्ड टरहोर्स्ट यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. सदसद्विवेकाला स्मरून व्हिएतनाम युद्धात जाण्याचे नाकारणाऱ्या तरुणांना माफी नाही, मग निक्सन यांना कशी, हा त्यांचा सवाल होता. पुढे १ जानेवारी १९७५ रोजी हाल्डमन, अर्लिकमन आणि मिचेल हे निक्सन यांचे निकटचे सहकारी दोषी ठरले. हाताखालचे तुरुंगात गेले, प्रमुख मोकळा राहिला.

६/ पदाच्या मोबदल्यात माफीचा सौदा झाला, असा संशय बळावला. १७ ऑक्टोबर १९७४ रोजी फोर्ड स्वतः प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे साक्षीला गेले आणि सौदा झाल्याचे त्यांनी ठामपणे नाकारले. माफी स्वीकारणे म्हणजे दोष पत्करण्यासारखेच, अशा आशयाच्या १९१५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातील उतारा ते पाकिटात बाळगत.

७/ १९७६ च्या निवडणुकीत जिमी कार्टर यांनी त्यांचा २९७ विरुद्ध २४० निर्वाचक मतांनी पराभव केला. माफीचा रोष त्यामागील एक मोठे कारण मानला जातो. पण २००१ मध्ये केनेडी ग्रंथालयाच्या प्रतिष्ठानने याच निर्णयासाठी फोर्ड यांना धैर्याचा पुरस्कार दिला. १९७४ मध्ये माफीवर टीका करणारे एडवर्ड केनेडी यांनीही आपले मत बदलल्याचे तेथे सांगितले.

८/ तरी एक गोष्ट राहूनच गेली. सत्तेवर असताना केलेल्या कृत्यांसाठी माजी राष्ट्राध्यक्षावर फौजदारी खटला चालू शकतो का, हा प्रश्न त्या रविवारी न्यायालयाच्या दारातूनच परतला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला हात घातला तो थेट २०२४ मध्ये, पन्नास वर्षांनी.