सलाईन म्हणजे जेवण नव्हे

भूल आली, निर्जंतुकीकरण आलं, ऑपरेशनं नीट पार पडू लागली. तरीही कित्येक पेशंट नंतर आठ-पंधरा दिवसांत दगावत. असं का व्हायचं, ते आज आपण पाहू.

१९३६ साली अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये हायरम स्टडली या सर्जननं अल्सरच्या ऑपरेशनांचे निकाल तपासले. आधीच २० टक्क्यांहून जास्त वजन घटलेल्यांपैकी दर तिघांत एक दगावला होता. बाकीच्यांत हेच प्रमाण साडेतीन टक्के होतं. त्याच दशकात ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसननं दाखवलं, की हाड मोडलं की लघवीतून नायट्रोजन जास्त जाऊ लागतो. म्हणजे इजा झालेलं शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं.

मग खायला घालायचं, इतकं सोपं? पण ज्याचं आतडंच काम करत नाही, त्यानं अन्न शोषायचं कुठून? हातातल्या बारीक शिरेला साखरेचं दाट द्रावण सोसत नाही, ती सुजते. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक यांनी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी घातली. तिथं रक्ताचा ओघ मोठा, त्यामुळे द्रावण लगेच पातळ होतं. आधी कुत्र्याची पिल्लं अशी वाढवली, मग लहान आतडं जवळजवळ नसलेली एक तान्ही मुलगी. ती वाढू लागली! पण या नळीतून जंतुसंसर्गाचा धोका असतो. म्हणून आतडं चालत असेल, तर त्याचाच वापर करावा, हा धडाही वैद्यकाला पुढे मिळाला.

तरी वॉर्डातली उपासमार संपली नाही. १९७४ साली चार्ल्स बटरवर्थ यांनी लिहिलं, की रुग्णांचं वजनसुद्धा नोंदलं जात नाही आणि दिवसेंदिवस त्यांना नुसत्या सलाईन-ग्लुकोजवर ठेवतात.

आपल्याकडे नातेवाईक आजही म्हणतात, ‘सलाईन चालू आहे ना, मग पोटाला आधार आहे.’ हिशोब करून बघा. पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर बाटलीत साखर ५० ग्रॅम, म्हणजे दोनशेच्या आत कॅलरी, आणि प्रथिनं शून्य. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पंधराशे ते अठराशे कॅलरी लागतात, आणि सत्तर-नव्वद ग्रॅम प्रथिनं.

१९९०च्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी ऑपरेशननंतर लवकर खाणं, लवकर चालणं सुरू केलं. तेव्हा डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: वजन किती घटलंय? आणि तोंडानं खाणं कधी सुरू करायचं?