वायूची बखर

पोटातील वायू हा चारचौघांत काढण्याचा विषय नव्हे, आणि दिवाळी अंकात तर नव्हेच. परंतु जुन्या ग्रंथकारांना असला संकोच नव्हता. चरकसंहितेत जवाचे गुण सांगताना तो वातही पुष्कळ करतो आणि मळही, असे एका दमात म्हटले आहे. ही जोडी मला फार अर्थपूर्ण वाटते.

तिची उकल मात्र एका विलायती कंदापासून सुरू होते. 1617 साली जॉन गुडयर या इंग्रज वनस्पतिशोधकाला लंडनहून दोन लहानसे कंद मिळाले. हे सूर्यफुलाचे भाऊबंद अमेरिकेतून आलेले. पुढे त्यांना जेरुसलेम आर्टिचोक असे नाव पडले. जेरुसलेमशी त्यांचा काडीचा संबंध नाही, ही गोष्ट अलाहिदा! गुडयरने एक कंद मित्राला दिला, एक स्वतः लावला. आणि पीक एवढे आले की, त्याने हॅम्पशायरभर बेणे वाटले. पण 1621 साली त्यानेच लिहून ठेवले की, कसेही शिजवा, हे कंद पोटात घाणेरडा वायू उठवतात, कळा आणतात; माणसांपेक्षा ते डुकरांनीच खावेत. जेरार्डच्या वनस्पतिग्रंथाच्या 1633 च्या आवृत्तीत हा अभिप्राय छापला गेला.

कळांचे कारण त्या बिचाऱ्याला कुठून कळावे? 1804 मध्ये व्हॅलेंटिन रोझ या जर्मन रसायनज्ञाने दुसऱ्याच एका वनस्पतीच्या मुळांतून जो पदार्थ वेगळा काढला, तो इन्युलिन या कंदातही भरपूर असतो. तो फोडणारा पाचकरस माणसाजवळ नाही. म्हणून तो तसाच मोठ्या आतड्यात उतरतो आणि तेथे वस्तीला असलेले जिवाणू त्याला आंबवतात. त्यातून वायू निघतो. पण जिवाणूही वाढतात, मळाला वजन आणि मऊपणा येतो. म्हणजे फुगलेले पोट आणि साफ कोठा ही जुळी भावंडे ठरली. गहू, कांदा, लसूण यांत इन्युलिनच्याच जातीची द्रव्ये असतात. हरभरा-वालातील शर्करा निराळ्या, पण त्यांची गतही तीच. कडधान्य भिजवून ते पाणी ओतून टाकण्याची आपल्याकडची रीत उगीच पडलेली नाही. त्या शर्करांचा काही भाग पाण्याबरोबर जातो.

मग एकच उसळ एकाला मानवते आणि दुसऱ्याला रात्रभर छळते, हे कसे? 2005 साली मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील गिब्सन आणि शेफर्ड यांनी अशा आंबणाऱ्या पदार्थांना फॉडमॅप हे एकत्र नाव दिले. 2014 साली तेथेच झालेल्या प्रयोगात आतड्याच्या जुनाट तक्रारी असलेल्या 30 रुग्णांना हे पदार्थ 21 दिवस कमी दिले, तेव्हा नेहमीच्या जेवणाच्या मानाने त्रास जवळजवळ निम्म्यावर आला. 2017 मध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी तर निरोगी माणसांना आणि रुग्णांना तेच इन्युलिन पाजून आतड्यांची चित्रे घेतली. वायू दोघांच्या पोटात सारखाच. कळा मात्र रुग्णांनाच अधिक.

मला हा शोध सर्वांत मोलाचा वाटतो. ‘आम्हीही तेच जेवलो, तुझेच काय ते कौतुक!’ हे बोल ऐकत कित्येक सुनांनी आणि म्हाताऱ्यांनी जन्म काढले. पोट खरेच हळवे असते, हे त्यांच्या बाजूने सांगायला कोणी नव्हते.

तरी हा आहार कायमचा नव्हे. त्याने उपकारक जिवाणूंपैकी काहींची संख्या घटते, हे 2012 साली दिसून आले आहे. म्हणून जाणते लोक काही आठवडेच पथ्य ठेवतात; मग एकेक पदार्थ बेताने ताटात परत आणून पाहतात, आज दोन पाकळ्या लसूण, काही दिवसांनी वाटीभर वाल.